राजाने आईसाठी बांधलेला विहार

आमच्या आईने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आम्हाला जगवले. तिला एकदा तरी परदेश दाखवावा, असे आम्हा भावंडांच्या मनात फार दिवस होते. गेल्या हिवाळ्यात योग आला आणि तिला घेऊन आम्ही कंबोडियातील अंगकोरला गेलो.

तेथे देवळे आणि विहार पुष्कळ. आईसाठी आम्ही मुद्दाम 'ता प्रोम' निवडला होता. सातवा जयवर्मन या बौद्ध राजाने ११८६ साली येथे प्रज्ञापारमितेच्या रूपात आपल्या आईची मूर्ती बसवली. हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, "राजाची आई ती. तिला काय कमी!"

पंधराव्या शतकात राजधानी दक्षिणेकडे गेली आणि विहाराचा ताबा रानाने घेतला. दगड चुन्याशिवाय रचलेले. पाखरांनी छपरावर बिया टाकल्या, मुळे दरजांतून उतरली आणि आता अजगराएवढी जाड होऊन भिंतींना विळखा घालून बसली आहेत. झाड तोडावे तर भिंत कोसळते, ठेवावे तर वाढत्या मुळांनी दगड सरकतात. भारताच्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनीही येथे डागडुजीचे काम केले आहे. ढासळलेले दगड जुळवून त्यांनी नर्तकींचा मंडप पुन्हा उभा केला.

एका भिंतीत ओळीने कोनाडे होते. प्रत्येकात बसलेल्या माणसाची आकृती तेवढी उरलेली, आतली मूर्ती छिन्नीने तासून काढलेली. त्या तथागतांच्या मूर्ती होत्या. जयवर्मननंतर, तेराव्या शतकात, शिवभक्त राजाच्या काळात हे घडले असे बहुतेक अभ्यासक मानतात. आम्ही संतापून बोलू लागलो. आईने मात्र त्या खोलगट जागेवर हात फिरवला आणि हात जोडले.

येथील शिलालेखात सारा हिशेब आहे. आवारात १२,६४० माणसे राहत. ३,१४० गावांतील ७९,३६५ माणसे विहाराच्या सेवेला नेमलेली. राज्यातल्या १०२ रुग्णालयांचीही नोंद त्यातच आहे. आम्ही हे आकडे मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. आईने विचारले, "आणि त्या ऐंशी हजारांची घरं कुठं आहेत?" घरे लाकडाची आणि गवताची होती, त्यांचे काही उरले नाही, असे आम्ही सांगितले. ती गप्प राहिली.

प्रसिद्ध झाडापुढे फोटोसाठी रांग लागली होती. आम्ही घाई करत होतो (आता लाज वाटते), आणि आई बाजूला, पडक्या दगडांच्या राशीपाशी बसली होती. प्रत्येक दगडाला बोट जाईल एवढी गोल भोके. वाटाड्याने सांगितले की, दगड उचलताना त्यांत लाकडी खुंट्या ठोकून दोर बांधत. हे दगड कुलेन डोंगराच्या पायथ्याच्या खाणींतून आलेले. आईने एका भोकात बोट घातले.

"माझा फोटो इथंच काढा," ती म्हणाली.

तो फोटो आमच्या बैठकीत लावला आहे. घरी येणारे पाहुणे हमखास विचारतात, "अहो, ते झाड कुठे आहे?"