दशमीची खाडी

टिटवाळ्याच्या महागणपतीचे दर्शन झाल्यावर आपण काळू नदीकडे उतरला असाल, तर तिथले संथ पाणी आपल्या ओळखीचे असेल. हे पाणी पुढे उल्हास नदीला मिळते. उल्हास ठाण्यापाशी येऊन घोडबंदरच्या अंगाने वसईच्या खाडीकडे वळते. मात्र तिचा एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीशी जोडलेला आहे. त्या खाडीत दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. टिटवाळ्याहून दोन लोकलगाड्यांच्या अंतरावर असलेल्या या दलदलीत घरातील वृद्ध माणसाला न्यावे की नाही, असा विचार आपल्या मनात असेल, तर आमचा अनुभव आपल्या उपयोगी पडावा.

शासनाने २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले. सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातील निम्म्याहून अधिक भाग खारफुटीचा आहे, उरलेले खाडीचे पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आपल्याला जायचे आहे ते ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात. होडीच्या फेऱ्या तेथून निघतात.

माझ्या सासूबाईंना ७८ वे वर्ष चालू आहे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्यापासून त्यांचे जग खोली, ओटा आणि फाटक एवढ्यात आले होते. हाड जुळले, पण भीती गेली नाही. खरे सांगायचे तर ती भीती त्यांच्यापेक्षा आम्हालाच अधिक होती. ‘आई, तुम्ही बसा, मी आणते,’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा उच्चारत असेन, ते मोजायला नको.

पहिला बेत मी घड्याळ पाहून आखला आणि तो फसला. गर्दी टाळावी म्हणून उशिराची गाडी धरली आणि अकरा वाजता ऐरोलीस पोहोचलो. समोर पाण्याऐवजी चिखलाचे मैदान होते. पक्षी दूरवर पांगून नुसती गुलाबी रेघ दिसत होती. होडीची वेळ केव्हाच टळून गेली होती. सासूबाई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, आज अष्टमी. सहाला भरती होऊन गेली. बाराला खाडीत दुसरं काय असणार?”

त्यांचे माहेर केळव्याचे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब त्यांना लहानपणापासून पाठ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अधिकउणे थोडे होते, पण ठोकळमानाने जुळते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा. आपण ज्यांना न्यायला निघालो आहोत, त्यांच्यापाशीच सहलीचे वेळापत्रक असण्याचा संभव आहे.

पुढच्या पक्षातील दशमी त्यांनीच दिनदर्शिकेत पाहून ठेवली. दिवस साधा कामाचा होता. रविवार घेऊ नका. मेगाब्लॉक असला, तर वृद्ध माणसाचे हाल होतात. केंद्रात दूरध्वनी करून फेरीची वेळ विचारून घेतली आणि नोंदणी केली. हे अवश्य करावे, कारण फेऱ्या भरतीप्रमाणे रोज बदलतात. टिटवाळ्याहूनच सुटणारी गाडी धरली, म्हणजे बसायला जागा मिळते. ठाण्याला ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाडीसाठी फलाट बदलावा लागतो; तिथे हाताशी पंधरा मिनिटे तरी अधिक ठेवा. घाई झाली की माणूस पडतो.

प्रवासात लघवीला जावे लागेल म्हणून वृद्ध माणसे सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाच्या दिवशी हे घातक ठरते. चक्कर येते, रक्तदाब उतरतो. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. ठाण्याला आणि केंद्रात पोहोचताच प्रसाधनगृह कुठे आहे ते आपणच पाहून ठेवा. त्यांना विचारायला लावू नका.

धक्क्यापाशी पोहोचलो. होडी पाण्यावर हलत होती. लाइफ जॅकेट हातात घेऊन सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही जा. मी इथं बसते.” आग्रह करावा असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. इतक्या लांब येऊन? पण होडीत पाय ठेवताना तोल सांभाळायचा असतो, आणि तो आपला की त्यांचा, हे त्यांनाच कळते. माझे यजमान आणि मुलगी होडीने गेली; मी त्यांच्यापाशी राहिले.

पाणी ओसरू लागले तशी तिवरांची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आली. या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. मग सासूबाईंनी काठीच्या टोकाने दाखवले, “निवटी!” चिखलावर परांच्या आधाराने सरपटणारा, मध्येच उडी घेणारा तो मासा मी आजवर केवळ बाजारात पाहिला होता. एक नांगी भलीमोठी असलेले लहान खेकडे बिळांतून बाहेर आले. शेकाट्या लाल पायांवर फिरू लागला. पलीकडे रोहित उतरले होते, चोची उलट्या करून शेवाळ गाळीत होते. त्या शेवाळातील रंगद्रव्यानेच त्यांचे पंख गुलाबी होतात. पिल्ले करडीच असतात.

दुर्बीण नेणार असाल तर आठपट मोठे दाखवणारी न्या. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही वाढलेला दिसतो आणि पक्षी स्थिर राहत नाही. कोपरे कठड्यावर टेकवू द्या. आमच्या आईंनी दुर्बीण पाचच मिनिटे वापरली आणि माझ्याकडे दिली. “डोळ्यांनी दिसतंय तेवढं पुरे,” म्हणाल्या.

मुलगी तासाभराने परतली ती सांगण्यासारखे पुष्कळ घेऊन. आजीने सर्व ऐकले, मग विचारले, “आणि निवट्या किती पाहिल्यास?” तिने एकही पाहिली नव्हती.

नोव्हेंबरपासून मेपर्यंत हे पक्षी येथे असतात. वृद्धांना मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ सोसतो. दम्याचा त्रास असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर यंदा नको. एवढ्या प्रवासाची खात्री वाटत नसेल, तर आधी टिटवाळ्यातच देवळाजवळच्या तळ्याकाठी तासभर बसवून पाहा. परतल्यावर आमच्या आईंचे पाय थोडे सुजले होते; रात्री उशीवर ठेवल्याने सकाळी उतरले. दुसऱ्या दिवशी काही काम काढू नका. त्या दिवशी त्या दहा वाजेपर्यंत झोपल्या होत्या, आणि मी प्रथमच त्यांना उठवायला गेले नाही.