विगनचं सेंट्रल पार्क : मैदान गेलं, आठवणी उभ्याच

इंग्लंडच्या वायव्य भागात, मँचेस्टर आणि लिव्हरपूल या दोन बड्या शहरांच्या अधेमधे विगन नावाचं गाव आहे. मँचेस्टरहून आगगाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. गावातून डग्लस नावाची छोटी नदी वाहते. तिच्या काठी आज टेस्को कंपनीचं भलंमोठं सुपरमार्केट आहे. समोर मोटारींच्या रांगा, आत दूध-पाव, भाजी, साबण घेणाऱ्यांची लगबग. शेजारच्या रस्त्याचं नाव मात्र ‘सेंट्रल पार्क वे’. नवख्या माणसाला वाटतं, इथं पूर्वी एखादी बाग असावी.

बाग नव्हती. १९०२ ते १९९९ अशी ९७ वर्षं इथं रग्बी लीगचं मैदान होतं. विगनच्या तीन-चार पिढ्या या मैदानाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून मोठ्या झाल्या. गावातल्या म्हाताऱ्यांना आजही विचारा, ‘तुम्ही कुठे उभे राहायचात?’ उत्तर तयार असतं : अमुक खांबाच्या डावीकडे, तमुक कठड्याला टेकून, वडिलांच्या जागेवर!

खाडा भरून मिळावा म्हणून

विगन हे कोळशाचं आणि कापडाचं गाव. लँकेशायरच्या गिरण्यांचं नाव आपल्याला परकं नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस येईना, तेव्हा मुंबई बंदरातून निघालेल्या गासड्यांवर लँकेशायरचे माग चालले आणि इकडे मुंबईचे व्यापारी गबर झाले. पुढे त्याच लँकेशायरच्या कापडाविरुद्ध आपल्याकडे स्वदेशीच्या होळ्या पेटल्या. विगनच्या खाणकामगारांचं हलाखीचं जिणं जॉर्ज ऑरवेलने १९३७च्या ‘द रोड टू विगन पिअर’ या पुस्तकात जगापुढे मांडलं.

अशा गावांत रग्बी हा साहेबी खेळ रुजला खरा, पण एक अडचण होती. सामने शनिवारी होत आणि शनिवारी खाण-गिरणी चालू असे. खेळायला गेलं की त्या वेळेची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. हौशी खेळात पैसा नको, असं लंडनच्या मंडळींनी सांगितलं. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. विगन त्यात होतंच. रग्बी लीगचा जन्म हा असा रोजंदारीच्या प्रश्नातून झाला.

पुढे खेळाचे नियमही बदलले. पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडलं, की त्याने उठून पायाने चेंडू मागे सरकवायचा आणि पुन्हा डाव सुरू. आता एका संघाला अशा सहा पकडी मिळतात. कबड्डीतली पकड ज्याला ठाऊक आहे, त्याला या खेळातली मजा दहा मिनिटांत कळावी.

पावसात, चिखलात, खांद्याला खांदा

६ सप्टेंबर १९०२ रोजी सेंट्रल पार्कवर पहिला सामना झाला. विगनने बॅटलीला १४-८ असं हरवलं. दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, रग्बी लीगचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना याच मैदानावर खेळला गेला. १९२१ मध्ये कार्डिफहून जिम सलिव्हन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा आला आणि पाव शतक विगनसाठी खेळला. १९२५ मध्ये फ्लिम्बी अँड फॉदरगिल या हौशी संघाविरुद्ध विगनने ११६-० असा विजय मिळवला. त्यात सलिव्हनच्या लाथेने २२ वेळा चेंडू गोलखांबांमधून गेला!

पण लोकांच्या बोलण्यात हे आकडे मागाहून येतात. आधी येतो तो पाऊस. मग चिखल. तो इतका, की उत्तरार्धात कोणाची जर्सी लाल-पांढरी आणि कोणाची निळी, हे ओळखू येत नसे. बसायच्या जागा थोड्या. बहुतेक लोक पायऱ्यांवर उभे. खिशात ‘अंकल जोज मिंट बॉल्स’ या पेपरमिंटच्या गोळ्या. त्या विगनमध्येच १८९८ पासून बनतात. हातात वाफाळती मटणाची पाई. शेजारच्या गावांचे लोक विगनकरांना ‘पाईखाऊ’ म्हणून चिडवतात. १९२६च्या संपात उपासमारीपुढे हार मानून इथले खाणकामगार इतरांच्या आधी कामावर परतले, त्यावरून हे नाव पडलं अशी कथा सांगतात. विगनकर आता ते नाव अभिमानाने मिरवतात.

एखादी उंच लाथ बसली की चेंडू मैदानाबाहेर, थेट डग्लस नदीत! मग पोरांची धावपळ. गर्दीत छोट्या मुलांना काही दिसत नसे, म्हणून मोठी माणसं त्यांना हातोहात, डोक्यांवरून पुढच्या कठड्यापर्यंत पोचवत. कोणाचं पोर, कोणाचे हात, याची चौकशी कोणी करत नसे.

सर्वांत मोठी गर्दी जमली ती २७ मार्च १९५९ रोजी. गुड फ्रायडेचा दिवस, समोर सेंट हेलन्स. हे गाव विगनपासून हाकेच्या अंतरावर, म्हणूनच वैर पिढीजात. त्या दिवशी ४७,७४७ लोक मैदानात होते.

बिली बोस्टनचं घर

त्या काळचा गावाचा लाडका होता बिली बोस्टन. जन्म १९३४ चा, कार्डिफच्या टायगर बे या गोदीजवळच्या वस्तीत. वडील आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे. गुणवत्ता असूनही वेल्सच्या पंधरा जणांच्या रग्बीत या काळ्या मुलासाठी दार उघडलं नाही. १९५३ मध्ये तो विगनला आला. त्याचा पहिला सामना राखीव संघाचा, तरी तो पाहायला आठ हजारांवर लोक लोटले.

पुढच्या पंधरा वर्षांत त्याने विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय केले. चेंडू विरोधकांच्या गोलरेषेपार जमिनीवर टेकवणं म्हणजे ट्राय. निवृत्तीनंतरही तो गाव सोडून गेला नाही. मैदानाजवळच त्याने ‘ग्रिफिन’ नावाचं मद्यालय चालवलं. ज्याला पायऱ्यांवरून पाहिलं, तोच सामन्यानंतर हसत पेला भरून देतो, यापरती चाहत्याला आणखी काय हवं? २०१६ मध्ये विगनच्या भर चौकात त्याचा पुतळा उभा राहिला आणि २०२५ मध्ये नाईटहूड मिळवणारा तो रग्बी लीगचा पहिला खेळाडू ठरला.

मधल्या पिढीची आठवण ७ ऑक्टोबर १९८७च्या रात्रीची. ऑस्ट्रेलियाचा विजेता मॅनली संघ आला होता. कागदोपत्री प्रेक्षक ३६,८९५; प्रत्यक्षात कितीतरी जास्त होते, असं तिथे असलेले छातीठोकपणे सांगतात. एकही ट्राय झाला नाही, तरी कोणी जागचं हललं नाही. विगन ८-२ ने जिंकलं. पुढे १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षं प्रतिष्ठेचा चॅलेंज कप विगनलाच आला.

कप आले, मैदान गेलं

मग असं मैदान गेलं का? तारे जमवायला पैसा लागतो. क्लबच्या तिजोरीवर ताण आला होता. शिवाय १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ जीव गेले. त्यानंतर देशभरात मैदानांच्या सुरक्षेचे निकष कडक झाले आणि जुन्या पायऱ्यांची डागडुजी महाग पडू लागली. गावाच्या मध्यावरची मोक्याची जमीन सुपरमार्केटला हवीच होती. क्लबने ती विकली. अनेक चाहते संतापले, सभा झाल्या, पण व्यवहार झाला.

हॅलिफॅक्सचं थ्रम हॉलही १९९८ मध्ये असंच गेलं. तिथंही सुपरमार्केट आलं. ओल्डहॅमचं वॉटरशेडिंग्ज, सेंट हेलन्सचं नोज्ली रोड हीही जुनी मैदानं आता उरलेली नाहीत.

५ सप्टेंबर १९९९ रोजी सेंट्रल पार्कवर शेवटचा सामना झाला. समोर अर्थातच सेंट हेलन्स. विगनने २८-२० ने जिंकून मैदानाचा निरोप घेतला. दोन आठवड्यांनी रॉबिन पार्क भागातल्या नव्या स्टेडियमवर पहिला सामना झाला आणि त्यात विगन कॅसलफर्डकडून हरलं! जुन्या मंडळींनी माना डोलावल्या, ‘आम्ही सांगत नव्हतो?’

खरं सांगायचं तर नवं स्टेडियम सोयीचं आहे. सुमारे २५ हजार खुर्च्या, डोक्यावर छप्पर, समोर खांबाचा अडथळा नाही. जुन्या मैदानात पाठ भिजायची, पाय गारठायचे. हे चाहतेही नाकारत नाहीत. पण खुर्चीला नंबर असतो. पायरीवरची जागा तिकिटावर छापलेली नसे. ती आजोबांनी वडिलांना आणि वडिलांनी मुलाला दाखवलेली असे. दर पंधरवड्याला तिथं तीच माणसं भेटत. एखादा शेजारी दोन सामने दिसला नाही, तर तिसऱ्याला कोणीतरी त्याच्या घरी चौकशीला जाई. विगन परिसरातली बिकरशॉची खाण १९९२ मध्ये बंद पडली. गिरण्या आधीच थंडावल्या होत्या. गावाने एकत्र जमावं असं जे ठिकाण उरलं होतं, तेही सात वर्षांत गेलं. हळहळ आहे ती त्याची.

गुड फ्रायडेला आजही विगन आणि सेंट हेलन्स एकमेकांशी भिडतात. आजोबा नातवंडांना घेऊन नव्या स्टेडियमवर जातात. मध्यंतरात पाई खाता खाता पोरं विचारतात, ‘आजोबा, तुमच्या वेळी कसं होतं?’ मग आजोबा सांगू लागतात आणि उत्तरार्धाची शिट्टी वाजली तरी त्यांचं संपत नाही.