गढूळ पाण्याचा रंग

तपकिरी छटेतले छायाचित्र पाहिले की आपले मन त्याला ‘जुने’ ठरवून मोकळे होते. आणि एकदा जुने ठरले की ते सुंदरही वाटू लागते. त्यातले दुःख बोथट होते. चहाचा कप हातात धरून ते पाहता येते. डेक्कनवरच्या एका हॉटेलाच्या भिंतीवर मी पानशेतचा पूर असाच पाहिला. पाण्यात बुडालेली घरे, वर उरलेली कौले, आणि साऱ्यावर सेपियाची मंद झाक.

सेपिया हे नाव म्हाकुळाच्या जातीतल्या एका सागरी जिवाच्या शाईवरून आले. पूर्वी छायाचित्राला हा रंग देणे कष्टाचे काम असे. काळ्या-पांढऱ्या प्रतीतल्या चांदीवर रसायनांची क्रिया करून तिचे सल्फाइड बनवीत. त्या वेळी कुजक्या अंड्यांसारखा वास सुटे. पण प्रत अधिक टिकाऊ होई. आज हे काम संगणक क्षणात करतो, आणि वासही येत नाही.

पूर आला १२ जुलै १९६१ रोजी. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरते बांधूनही झाले नव्हते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरून धरले. ते रात्री न फुटता सकाळी फुटले म्हणून असंख्य माणसे वाचली, हे जुने पुणेकर अजून कृतज्ञतेने सांगतात. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे इंग्रजी अमदानीतले दगडी धरणही टिकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा या पेठांतली नदीकाठची घरे कोसळली. पूर ओसरल्यावर घराघरांत गाळ होता आणि नळाला पाणी नव्हते. कारण शहर ज्या खडकवासल्याचे पाणी पीत होते, तेच रिकामे झाले होते.

त्या छायाचित्रासमोर उभी असताना मला प्रश्न पडला, की ते घेणारा कोठे उभा असेल? अर्थात उंचावर, कोरड्या जागी. त्याला दोष नाही. दुसरीकडे उभे राहणे शक्यच नव्हते. पण म्हणूनच त्यात दिसतो तो काठावरून पाहिलेला पूर. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. त्यांच्या कडेवर पोर होते आणि डोक्यावर ट्रंक.

माझ्या आईची आई त्या वेळी चौदा वर्षांची होती. घर कसब्यात, नदीच्या बाजूला. वडील कुंभार. जुलै म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा हंगाम. ओळीने मांडलेल्या मातीच्या मूर्ती वाळत होत्या. भाजलेली मडकी पाण्यावर तरंगत गेली, कच्च्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या. आजी हसत सांगते, “त्या वर्षी आमचे गणपती दोन महिने आधीच बोळवले. ना आरती, ना वाजंत्री.” पुस्तकांविषयी सांगताना मात्र ती हसत नाही. ती सातवीत होती. आधी गाळ उपसायला हात हवे होते. मग गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत बिऱ्हाड मांडायला. मग लग्न झाले. शाळा राहिली ती राहिलीच. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी मी आहे, त्यामागे ही तारीखही आहे.

ते छायाचित्र मी मोबाईलवर टिपून आजीला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, चेहरे शोधते आहे. पण ती म्हणाली, “रंग बरोबर आहे बघ. पाणी अस्संच होतं, चहाच्या चोथ्यासारखं.” मला जी काळाची छटा वाटली होती, ती तिच्या दृष्टीने निव्वळ चिखलाची होती. छायाचित्रात जुनेपणा यावा म्हणून कोणीतरी रंग चढवला, आणि त्याच रंगाने तिला तो दिवस जसाच्या तसा परत दिला.

आमच्या घरात १९६१ पूर्वीचे एकही छायाचित्र नाही. पणजोबा कसे दिसत, हे मला कधीच कळणार नाही. वर्गात सर म्हणतात, साधनांवाचून इतिहास नाही. तर मग ज्यांची साधने वाहून गेली, त्यांनी काय करावे?

यावर मला सुचले ते एवढेच. रात्री जेवणे झाल्यावर आजी सांगते आणि मी वहीत उतरवते: कोणाचे दार कोणत्या दिशेला, कोणाचे चाक ओसरीत, कोणाचा आवा कोठे. आतापर्यंत अकरा घरे झाली. नदीकडची रांग अजून बाकी आहे.