बोलोन्यात खोली शोधताना

एका सत्रापुरतं परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना मिळणारे सल्ले बहुतेक स्वभावाविषयी असतात. लाजू नकोस, चार माणसांत मिसळ, घरची आठवण आली तर खोलीत बसून राहू नकोस. बोलोन्याच्या स्टेशनातून बाहेर पडून व्हिया देल इंदिपेंदेन्झाने शहराच्या मध्याकडे चालू लागलं, की हे सल्ले अपुरे वाटू लागतात. धो धो पाऊस असला तरी छत्री उघडावी लागत नाही, कारण डोक्यावर कमानींच्या ओवऱ्या आहेत. शहरभर मिळून त्या सुमारे ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, पण त्या उभ्या राहिल्या त्या जागेच्या टंचाईतून. तटबंदीच्या आत माणसं मावेनात, तेव्हा घरमालकांनी वरच्या मजल्याच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांब दिले. स्त्रादा माज्जोरेवरच्या कासा इसोलानीचे तेराव्या शतकातले उंच लाकडी खांब आजही तो भार पेलताना दिसतात. या वाढीव खोल्यांचे एक मोठे गिऱ्हाईक होते बाहेरगावचे विद्यार्थी. परक्या शहरात पाय रोवणं स्वभावापेक्षा खोली, कागद आणि करार यांवर जास्त अवलंबून असतं, असं माझं मत आहे, आणि त्याचा पुरावा या शहराइतका दुसरीकडे क्वचितच मिळेल.

विद्यापीठ आपला जन्म १०८८ चा सांगतं. हे साल एकोणिसाव्या शतकात, ८०० वा वाढदिवस साजरा करताना मुक्रर झालं, तेव्हा ते फार काटेकोर धरू नये. बाराव्या शतकात इथे रोमन कायदा शिकायला युरोपभरातून मुलं येत होती हे मात्र नक्की, आणि परदेशी म्हणून त्यांची अवस्था बिकट होती. एखाद्या जर्मन व्यापाऱ्याने कर्ज बुडवलं, तर वसुलीसाठी त्याच्या देशातला कुठलाही विद्यार्थी धरला जाई. त्या शतकाच्या मध्याला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ही प्रथा बेकायदा ठरवली आणि विद्यार्थ्याला आपल्या गुरूपुढे किंवा बिशपपुढे न्याय मागण्याची मुभा दिली. पुढे मुलांनी देशवार संघ बांधले. ते संघ आपल्यातूनच रेक्टर निवडत. व्याख्यानाला उशिरा येणाऱ्या किंवा घंटा झाल्यावरही बोलत राहणाऱ्या प्राध्यापकाला दंड होई. (आज इटलीत तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होणं रूढच आहे, ते संघ असते तर चांगली कमाई झाली असती.) घरभाडं ठरवायला शहराचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसत. त्यांनी ठरवलेला दर न मानणाऱ्या घरावर विद्यार्थ्यांचा बहिष्कार पडे.

यावर कोणी म्हणेल, ती श्रीमंतांची पोरं होती, पैशाच्या जोरावर त्यांनी शहर वाकवलं. पैसा होताच. पण एकेकट्या विद्यार्थ्याकडे तो असूनही दुसऱ्याच्या कर्जापायी त्याची मानगूट पकडली जातच होती. खरा जोर होता तो सगळ्यांनी मिळून निघून जाण्याचा, आणि ही धमकी पोकळ नव्हती. १२२२ मध्ये इथून उठून गेलेल्या शिक्षक-विद्यार्थ्यांतूनच पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं. निघून जाणं सोपं होतं, कारण मागे सोडण्यासारखी इमारतच नव्हती. वर्ग भरत ते गुरूंच्या घरी नाहीतर भाड्याच्या जागेत. पिआझ्झा माज्जोरेजवळचं आर्किजिन्नाझिओ याच नजरेने पाहावं. १५६३ मध्ये पोपच्या सत्तेने सगळे वर्ग या एका छपराखाली आणले. भिंतींवर आणि छतांवर विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांची इतकी गर्दी आहे की मान दुखते. पण ज्यांची नावं भिंतीवर चढली, त्यांच्या हातातून सौदा करण्याचं बळ गेलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपल्याच देशातल्या मुलांचा कळप केला तर परदेशी जायचं कशाला? वरण-भात आणि मराठी गप्पा पुण्यातही मिळतात. धोका खरा आहे, पण कोपर्निकसचं उदाहरण वेगळं सांगतं. १४९६ मध्ये तो चर्चचा कायदा शिकायला इथे आला आणि जर्मन संघात नाव नोंदवलं. तरीही तो राहिला आणि काम केलं ते दोमेनिको मारिया नोव्हारा या इटालियन ज्योतिर्विदाबरोबर. ९ मार्च १४९७ रोजी चंद्राने रोहिणी तारा झाकल्याचं त्याचं निरीक्षण बोलोन्यातलंच. आपल्या माणसांचा आधार असला म्हणून बाहेरचं दार बंद झालं नाही. उलट ज्याची झोपायची आणि कागदपत्रांची सोय लागली आहे, त्यालाच अनोळखी माणसाशी बोलायची उसंत मिळते.

आजचं विद्यापीठ व्हिया झांबोनीवर आहे. तिथल्या खांबांवर ‘पोस्तो लेत्तो’च्या चिठ्ठ्या दिसतात. मजकूर आपल्या ओळखीचा: दोघांच्या खोलीत एक पलंग, स्वयंपाकघर सामाईक, म्हणजे आपली कॉट बेसिस. १९९९ मध्ये याच शहरात २९ देशांनी पदव्यांची मोजपट्टी जुळवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यामुळे एका सत्राची ३० क्रेडिट्स युरोपात सहज सीमा ओलांडतात. भाड्याविषयी तसा करार नाही. २०२३ च्या वसंतात इटलीतल्या शहरांत मुलं घरभाड्याविरुद्ध तंबू ठोकून बसली, त्यांत बोलोन्याही होतं. भाडेवाढीचं खापर पर्यटकांना दिलेल्या घरांवर फोडलं जातं, ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण भाडं ठरवणाऱ्या टेबलावर विद्यार्थ्याची खुर्ची उरलेली नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी इटालियनचे धडे जरूर गिरवावेत, पण त्याआधी खोलीचा लेखी करार पदरात पाडून घ्यावा. यजमान विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला आणि तिथल्या विद्यार्थी संघटनेला निघण्यापूर्वीच पत्र टाकावं. आणि उतरल्यावर आधी पोस्ट गाठावं: ९० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर निवासपरवान्याचा अर्ज तिथेच द्यावा लागतो, आणि त्याला मुदत आहे कामकाजाच्या आठ दिवसांची.