सोडायचं, ते कुणासाठी?

ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या संपत्तित्यागाचा विषय निघाला की मराठी वाचकाला आधी वैराग्य आठवतं : हाव सुटली की माणूस मोकळा. नव्या कराराच्या अभ्यासातून माझं मत वेगळं झालं आहे. तिथल्या त्यागाला बहुधा कुणीतरी घेणारा असतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात येशू धनवान माणसाला नुसतं ‘सोड’ म्हणत नाही. विकून गोरगरिबांना द्यायला सांगतो. त्याआधी तो आज्ञांची उजळणी करतो आणि त्यांत दहा आज्ञांच्या यादीत नसलेली एक आज्ञा येते, ती कुणाला न ठकवण्याची. मत्तय आणि लूक यांच्याकडे ती नाही. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ दुसऱ्याच्या हक्काचं हिरावून घेणं असा आहे. सीराखाच्या ग्रंथात ते मजुराची मजुरी बुडवणाऱ्यासाठी आलं आहे. या माणसाने कुणाला लुबाडलं, असं मार्क म्हणत नाही. तरी हा शब्द नेमका एका श्रीमंतापुढे उच्चारला जावा, हा योगायोग मी मानत नाही.

यावरचा आक्षेप फार जुना आहे. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने याच उताऱ्यावर लिहिताना म्हटलं, की टाकायची ती मनातली आसक्ती. सगळ्यांनीच सर्वस्व टाकलं तर भुकेल्याला वाढणार कोण? प्रश्न रास्त आहे. योहान्ना, सुसान्ना यांसारख्या स्त्रियांनी स्वतःच्या पैशांतून येशूच्या मंडळीचा खर्च चालवला, मार्थेने त्याला आपल्या घरी उतरवून घेतलं. प्रेषितांच्या कृत्यांत जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्याला पेत्र स्पष्ट सांगतो, की जमीन तुझीच होती आणि विकून आलेला पैसाही तुझ्याच हाती होता, दोष खोटेपणाचा. पण क्लेमेंटच्या प्रश्नातच माझं म्हणणं दडलं आहे. वाढायचं असेल तर मन निर्लेप होऊन भागत नाही, समोरच्याचं ताट भरावं लागतं. क्लेमेंट स्वतः दानावर भर देतोच. त्याचा आधार घेणारे मात्र पूर्वार्धावरच थांबतात.

जगाचा अंत जवळ आहे असं समजणाऱ्यांचा हा तात्पुरता उपदेश होता, असंही म्हटलं जातं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात पौलाचा तसा सूर आहे, हे मी मान्य करतो. तोच पौल दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना समानतेचा हिशेब मांडतो : आज तुमच्या विपुलतेने त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्याने तुमची. हा अंताची वाट पाहणाऱ्याचा हिशेब नव्हे. त्याची मुळं मोशेच्या नियमशास्त्रात आहेत. लेवीयच्या २५व्या अध्यायाप्रमाणे जमीन देवाची, माणूस तिथे उपरा. म्हणून ५०व्या वर्षी ती मूळ कुळाकडे परत जाते.

लूकने याच धनवानाच्या (त्याच्याकडे तो अधिकारी आहे) प्रसंगानंतर पुढच्याच अध्यायात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय आणला आहे. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट. येशू त्याच्याकडे उरलेलं अर्धं मागत नाही. या घराला आज तारण लाभलं, असं तो म्हणतो, आणि ते घर जक्कयाचंच राहतं.