नाणेघाटात उरलेली नावे

जुन्नरहून पश्चिमेस निघालेली वाट सह्याद्रीच्या कड्याशी येते आणि कातळातील अरुंद खिंडीतून कोकणात उतरू लागते. कल्याण व सोपारा या बंदरांतला माल एके काळी याच घाटाने जुन्नर-पैठणकडे चढत असे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते. व्यापारी कुळातील माणूस तेथे हमखास थबकतो. खरा ठेवा मात्र थोडे खाली, लेण्यात आहे.

या लेण्याच्या मागील भिंतीवर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा ओळीने कोरल्या होत्या. आज तेथे मुखे नाहीत, देह नाहीत; तळाशी पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. वर ब्राह्मी लिपीत नावे आहेत: राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका व राजा श्रीसातकर्णी, काही कुमार आणि एक महारठी. बाजूच्या भिंतींवरील नागनिकेच्या मानल्या जाणाऱ्या लेखात यज्ञांची व दक्षिणेची नोंद आहे. किती गायी, किती कार्षापणे, हे अंकांत दिले आहे. भारतीय अंकांच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. हिशेब टिकला, मुखवटे गेले!

या प्रतिमा त्या त्या व्यक्तीसारख्या हुबेहूब होत्या काय? नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारून चालविलेली. नहपानाचे मुख त्यांवर आहे, पण नाण्यानाण्यांतील चेहरे इतके वेगळे की ते एकाच माणसाचे म्हणणे कठीण. नाव मात्र सर्वांवर एकच. म्हणजे ओळख पटविण्याचे काम चेहऱ्यापेक्षा अक्षरेच करीत होती. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकातही पूर्वजांच्या मूर्तींसमोर उभ्या राहिलेल्या भरताला देवकुलाचा रक्षकच एकेकाचे नाव सांगत जातो.

हीच रीत सुमारे पंधराशे वर्षांनी तिरुमलेच्या मंदिरात भेटते. महाद्वारातून आत शिरताच मंडपात विजयनगरचा कृष्णदेवराय (कारकीर्द १५०९ ते १५२९) तिरुमलादेवी व चिन्नादेवी या राण्यांसह हात जोडून उभा आहे. धातूच्या या प्रतिमांवर नावे कोरलेली आहेत. डोक्यावरील उंच टोपी, अंगावरचे दागिने हे सारे त्या काळचे. परंतु राणीसह सरळ उभे राहणे, नावानिशी उभे राहणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवर उभे राहणे, हे नाणेघाटाशी जुळते. पुढे मदुरैच्या पुदुमंडपात तिरुमल नायकाने (कारकीर्द १६२३ ते १६५९) आपल्या घराण्यातील पुरुषांची ओळच खांबांवर उभी केली. एकट्या राजाऐवजी सगळे कुळ दाखविण्याची ही हौस सातवाहनांच्या भिंतीची आठवण देते. तिरुमल नायकाच्या शिल्पकारांना सह्याद्रीतील त्या लेण्याची कल्पना होती असे मानण्यास काहीच आधार नाही. साम्य आहे ते गरजेचे. सत्ता नवी असो वा जुनी, तिला आपली वंशावळ लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवावीशी वाटते.

राजांची ही रीत राजांपुरती राहिली नाही. अबूच्या लूणवसहीत, इ. स. १२३१ च्या सुमारास उभारलेल्या नेमिनाथांच्या मंदिरात, मागे हस्तिशाला आहे. संगमरवरी दहा हत्तींच्या पाठीमागे वस्तुपाल, तेजपाल आणि त्यांचे कुटुंबीय आपापल्या पत्नींसह उभे आहेत, तेही नावांसह. हे प्राग्वाट कुळातील बंधू वाघेल्यांचे मंत्री होते, राजे नव्हते. हत्ती राजाचे, ओळ राजाची. पण कोरीव कामाचा सारा वैभवविस्तार तीर्थंकरांच्या गाभाऱ्याभोवती, आणि दाते मात्र मागच्या दालनात. तेजपालाशेजारी अनुपमादेवीचे नाव वाचताना नागनिका आठवल्यावाचून राहत नाही.

अबूला पाहणाऱ्यांची रीघ असते. नाणेघाटात पावसाळी सहलीचे लोक लेण्यात भिजलेले कपडे पिळतात, डबे उघडतात आणि ज्या भिंतीला पाठ टेकून बसतात तिच्यावरची नावे बहुधा न वाचताच खिंड उतरू लागतात.