संकल्पांची वही

संकल्प सोडण्यात आपल्या समाजाचा हात कोणी धरू शकणार नाही. नवे मंडळ स्थापन झाले की पहिल्याच सभेत उद्दिष्टे ठरतात, टाळ्यांच्या गजरात संमत होतात, इतिवृत्तात नोंदली जातात आणि पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तेथेच विसावतात. धर्मग्रामाचे पाळकीय मंडळ असो, पतपेढी असो वा महिला मंडळ, कथा बहुधा हीच. उद्दिष्टे ठरविणे कठीण नाही. ती सर्वांनी मिळून ठरविण्याची, तपासण्याची आणि पुन्हा ठरविण्याची रीत वर्षानुवर्षे चालू ठेवणे कठीण आहे. त्या रीतीविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत, असे आम्हांला वाटते.

उद्योगजगताने या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ साली 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या ग्रंथात असे मांडले की, हुकमाची वाट पाहण्याऐवजी प्रत्येक व्यवस्थापकाने संस्थेच्या ध्येयाशी जुळणारी आपली उद्दिष्टे आखावीत व त्यांच्या आधारे स्वतःच स्वतःवर नियंत्रण ठेवावे. १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून निर्वासित म्हणून अमेरिकेत गेलेल्या अँडी ग्रोव्ह यांनी हा विचार इंटेल कंपनीत रुजविला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी सारी पद्धत दोन प्रश्नांत बसविली: आपल्याला कोठे जायचे आहे? आणि आपण तेथे पोहोचत आहोत की नाही, हे वाटेत कशावरून ओळखायचे? त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जॉन डोअर यांनी १९९९ साली ही पद्धत गूगल या तेव्हा अगदी नव्या असलेल्या कंपनीला शिकविली.

या पद्धतीतील दोन गोष्टी आम्हांला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली, दर तिमाहीस तपासणी. गूगलमध्ये प्रत्येक उद्दिष्टाला शून्य ते एक या पट्टीवर गुण दिले जात. अवघड उद्दिष्टास ०.७ गुण मिळाले तरी समाधान मानले जाई आणि नेहमीच पूर्ण गुण मिळू लागले तर उद्दिष्ट फार सोपे धरले असे समजत. दुसरी, माणसाची किंमत केवळ उद्दिष्टांच्या पत्रकावरून करू नये, हा ग्रोव्ह यांचा इशारा. गुण कमी पडले की बोलणी खावी लागतात, हे कळले की माणसे सोपी उद्दिष्टे धरतात, नाहीतर आकडे झाकतात.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आम्ही रुजू झालो, तेव्हा सभागृहाच्या भिंतीवर त्या वर्षाचे अकरा संकल्प रंगवलेले होते. मंडळाच्या सभासदांना ते न पाहता सांगा म्हटले, तर तीन-चारांपुढे कोणी जाईना. १९८३च्या धर्मविधिसंहितेच्या ५३६व्या कलमानुसार पाळकीय मंडळाचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. त्यामुळे "फादर ठरवतील ते खरे" म्हणून सभासद मोकळे होत. सल्ला देणे हेही दायित्व आहे, हा विचार मागे पडला होता.

तेव्हा अकरांचे तीन केले. त्यांपैकी एक असे: मुले परदेशी किंवा मुंबईत असल्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांपैकी प्रत्येकाच्या घरी महिन्यातून दोनदा कोणीतरी जाऊन बसावे. एका साध्या वहीत घरे, भेटींच्या तारखा आणि जाणाऱ्यांची नावे लिहिली जाऊ लागली. दर तीन महिन्यांनी ती वही सभेत उघडायची, एवढाच नियम.

पहिल्या तिमाहीस निम्म्याही भेटी झाल्या नव्हत्या. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, हे जमणारे नाही, वगळून टाकू या." कोणी कोणावर दोष ठेवला नाही, म्हणूनच की काय, मागे बसलेली एक परिचारिका मुलगी बोलती झाली. तिने सांगितले, "आम्ही सगळे सकाळच्या लोकलने जातो आणि रात्री आठला परततो. तोवर आजी-आजोबा जेवून निजलेले असतात. वार बदला." वार बदलला, रविवारी मिस्सानंतर भेटी ठरल्या. पुढच्या तिमाहीत वही भरू लागली. सहाव्या शतकातील संत बेनेदिक्त यांनी आपल्या नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात मठाधिपतींना सर्व बंधूंचा सल्ला घ्यावयास सांगितले आहे, कारण प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्यालाच हिताची गोष्ट उघड करतो. त्या सभेत आम्हांला त्याचा प्रत्यय आला.

मग आला पावसाळा, पाठोपाठ लग्नसराई, आणि एक तिमाही सभा "पुढे ढकलू या" म्हणत राहून गेली. सभा राहिली तशा भेटीही राहिल्या. नंतर एका बाबांच्या घरी गेलेल्या स्वयंसेवकास समजले की, दर ठरलेल्या रविवारी ते दोन कप चहा करीत आणि एक झाकून ठेवीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोणी न आलेले रविवार त्यांनी पेन्सिलीने खुणा करून ठेवले होते. आपली वही तीन महिने बंद होती. त्यांची चालू होती. हे मंडळात सांगितले गेले, तेव्हा कोणीही सबब पुढे केली नाही. त्यानंतर सभेची तारीख लांबणीवर टाकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

वाचकहो, अशी रीत टिकविण्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती आम्हा धर्मगुरूंच्या वाट्याची आहे. काही वर्षांनी आमची बदली होते. उत्साही फादर गेले की त्यांच्या योजनाही त्यांच्या पेटीबरोबर जातात, असे लोक गमतीने म्हणतात. त्यात तथ्य आहे. म्हणून ती वही आम्ही आपल्या टेबलावर कधी ठेवली नाही. ती सचिवांकडे असे, तपासणीची सभा सभासद पाळीपाळीने चालवीत, आणि पुढल्या वर्षीच्या तारखा याच वर्षी ठरत. एका माणसाच्या आठवणीवर उभी असलेली रीत त्या माणसाबरोबर उठून जाते.

तेव्हा ज्यांच्या संस्थेत संकल्प होतात आणि विरतात, त्यांना आमची नम्र सूचना अशी: उद्दिष्टे तीनच धरा. ती सर्वांत तरुण सभासदालाही सुचवू द्या. मोजता येईल असे काहीतरी त्यांत असू द्या. अपुऱ्या आकड्याला लाज चिकटवू नका. तो का अपुरा राहिला, हे शांतपणे विचारा. आणि एवढे सारे जमले नाही, तरी एक गोष्ट सोडू नका: तीन महिन्यांनी वही उघडण्याचा दिवस. चारच माणसे आली तरी ती उघडा. कोणाच्या तरी घरी त्या तारखांची नोंद ठेवली जात असते.